दिवा कोणी चालू ठेवला?

तर झालं असं की, २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या जळगावच्या घरची गाडी चार वेळा सकाळी मेलेली सापडली. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. एकदा तर तेवढंही नाही. आणि चारही वेळा आरोपी एकच, आमचे नाना. वय ७१, जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त मास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने काढल्या, आता त्यांची चूक काढायला आम्ही दोघं भाऊ फोनवर हजर. मी पुण्यातून, दादा नाशिकहून.

गाडी म्हणजे २००९ सालची एक छोटी हॅचबॅक, २०१४ साली सेकंड हँड घेतलेली. नानांचा तिच्यावर फार जीव. सकाळी मेहरूण तलावाला फिरायला जायचं तर गाडी, चतुर्थीला पद्मालयाला जायचं तर गाडी. पेट्रोल कधी भरलं, किती भरलं, ऑईल कधी बदललं, सगळं एका वहीत लिहिलेलं, आणि ती वही गाडीच्याच खणात. आम्ही दोघं भाऊ त्या वहीवर वर्षानुवर्षं हसत आलोय.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा शेजारच्यांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, चालू झाली. विषय संपला. दुसऱ्यांदा आईने रात्री तीनला पाणी प्यायला उठल्यावर खिडकीतून पाहिलं, तर पोर्चमधल्या गाडीचा डॅशबोर्ड अंधारात हिरवा उजळलेला. तिने नानांना उठवलं. नाना गाडीत जाऊन बसले, दिव्याचा स्विच एकदा चालू करून बंद केला, दिवे गेले. सकाळी फोन.

"मी बंद केला होता रे," नाना म्हणाले. "स्विच बंदच होता."

"नाना, मग फिरवल्यावर गेला कसा? अर्धवट फिरवला असेल तुम्ही रात्री."

आता माझं लॉजिक बघा. या गाडीत डॅशबोर्डचे दिवे आणि बाहेरचे पार्किंग लाइट एकाच सर्किटवर. डॅशबोर्ड उजळलाय म्हणजे पार्किंग लाइट चालू. म्हणजे स्विच चालू राहिला. म्हणजे शेवटी जो उतरला तो विसरला. शेवटी नानाच उतरतात, दुसरं कोणी गाडी चालवतच नाही. सिद्ध झालं. आणि स्विच फिरवल्यावर दिवे गेले, म्हणजे तर पुरावाच मिळाला. आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात आणि तिकीट क्लोज करतात.

तिसऱ्यांदा बंद पडल्यावर नवीन बॅटरी घातली. नवीन बॅटरी घालूनही चौथ्यांदा बंद पडली. आता बॅटरीचा दोष नाही हे नक्की, मग राहिलं कोण?

इथून पुढे जे झालं ते लिहायला मला बरं वाटत नाही, पण त्यासाठीच हे लिहायला बसलोय. दादाने मला वेगळा फोन केला. नानांनी मागच्या महिन्यात गॅसवर दूध विसरलं होतं. त्याच्या मुलाला माझ्या मुलाच्या नावाने हाक मारली होती. चष्मा तर रोजच शोधतात. आणि आता हे. "एकदा दाखवून घेऊ," दादा म्हणाला, आणि मग आवाज खाली घेऊन तो एक शब्द म्हणाला, जो कुठल्याही घरात मोठ्याने म्हणत नाहीत. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तोवर गाडी चालवू द्यायला नको म्हणून आईने किल्ली देवघराच्या खणात ठेवली. नानांनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रिक्षाने जायला लागले.

मे महिन्याच्या मध्यावर मावसबहिणीचा साखरपुडा होता धुळ्याला. मी पुण्याहून जळगावला आलो आणि १७ मे, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. जळगावचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे ऊन उतरल्याशिवाय घराबाहेर पडायची सोय नाही. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. सुरत-नागपूर हायवे, पूर्वीचा ६ नंबर, आता ५३. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळे. मी चालवतोय, नाना डावीकडे. दहा वर्षं जो माणूस उजवीकडे बसला, त्याला डावीकडे बसवलं की तो काय करतो? पुढे ट्रक आला की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जायचा, तिथे नसलेला ब्रेक लावायला. मला हसू येत होतं. आईला नाही.

अंधार पडल्यावर पारोळ्याजवळ चहाला थांबलो. मागून आलेला एक मोटरसायकलवाला म्हणाला, "भाऊ, तुमचा ब्रेक लाइट लागेलच राहतो." मी म्हटलं, "पार्किंग लाइट आहे हो तो, लालच असतो." तो खांदे उडवून चहा प्यायला लागला. मी एवढा हुशार की त्याने दिलेला क्लू चहाबरोबर पिऊन टाकला.

धुळ्याला मावशीचं घर देवपुरात. गाडी घरासमोर लावली, सगळं बंद केलं, मुद्दाम दोनदा पाहिलं. जेवणं झाली. साडेदहाच्या सुमारास पान खायला म्हणून मी आणि मावसभाऊ बाहेर पडलो. आणि मी थांबलो.

डॅशबोर्ड हिरवा उजळलेला.

किल्ली माझ्या खिशात. दार उघडून आत बसलो. स्विच बंद. चालू केला, बंद केला, दिवे तसेच. पुन्हा केला. तसेच. इंजिन चालू करून बंद केलं. तसेच. ब्रेक, क्लच, हँडब्रेक, जे हाताला पायाला लागेल ते दाबून पाहिलं. हिरवा उजेड ढिम्म.

मान वर केली तर दारात नाना उभे होते. काही बोलले नाहीत. बघत होते फक्त.

प्रोग्रॅमरला हे कळायला वेळ लागत नाही. युजर बदलला, बग तोच आला. म्हणजे युजर एरर नव्हती. मुळात कधीच नव्हती.

मावसभावाने त्याच्या बाईकच्या टूलकिटमधून दहा नंबरचा पाना आणला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली आणि आम्ही गच्चीवर झोपायला गेलो. (उन्हाळ्यात धुळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपणं हे एकच एसी खरं.) झोप कुठली येतेय. फोनवर वाचत बसलो, की किल्ली काढल्यावर गाडीतले दिवे चालू का राहतात. पहिल्या बॅटरीच्या वेळी जे वाचायला हवं होतं ते पाचव्या वेळी वाचत होतो. तुमच्याही कामाला येईल म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी, बऱ्याच गाड्यांत दिवे मुद्दामच चालू राहतात. आतला दिवा हळूहळू मंद होत जातो, हेडलाइट तुम्ही घरात शिरेपर्यंत थोडा वेळ उजेड देतात, रेडिओ दार उघडेपर्यंत वाजतो. नव्या गाड्यांत तर डझनावारी छोटे कॉम्प्युटर एका नेटवर्कवर बोलत असतात. बॉश कंपनीने १९८६ साली आणलेलं कॅन नावाचं हे नेटवर्क आज जवळपास सगळीकडे आहे. किल्ली काढली की हे सगळे एकेक करून झोपतात, त्याला कधी काही मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. मराठी घरातून पाहुणा निघतो तसं आहे हे. "येतो" म्हटल्यावर दारात अर्धा तास गप्पा. तेव्हा आधी थोडं थांबून बघायचं. पण आमची २००९ ची गाडी साधी, तिच्यात असली लाडं नाहीत.

दुसरं, दारं. प्रत्येक दाराला एक छोटा स्विच असतो, चौकटीत किंवा लॉकमध्ये. त्यात धूळ बसली, किंवा डिकी नीट लागली नाही, की गाडीला वाटतं दार उघडं आहे आणि छताचा दिवा चालू राहतो. पण इथे हिशोब करून बघा. छताचा दिवा ५ वॉटचा धरला तर १२ व्होल्टला साधारण ०.४ अँपियर. ३५ अँपियर-अवरची बॅटरी पूर्ण संपायला ८० तासांच्या वर लागतील. म्हणजे चांगली बॅटरी एका रात्रीत त्याने मरत नाही. आणि आमचा तर छताचा दिवा बंद होता.

तिसरं, किल्लीचं लॉक झिजतं. मग पूर्ण 'ऑफ' व्हायच्या आधीच किल्ली बाहेर येते. पण तसं असेल तर रेडिओ, पंखा हेही चालतात. आमच्याकडे चालत नव्हते.

चौथं, रिले. आतले काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि सुटत नाहीत. पाचवं, अल्टरनेटरमधला डायोड जातो आणि इंजिन बंद असताना बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागतो. पण तो एकटाच, अख्खा डॅशबोर्ड नाही. सहावं, नंतर बसवलेल्या गोष्टी, म्हणजे स्टिरिओ, कॅमेरा, एलईडी. एलईडीला इतका कमी करंट लागतो की किरकोळ गळतीवरही तो मिणमिणत राहतो. सातवं, काही युरोपियन गाड्यांत किल्ली काढल्यावर इंडिकेटरची दांडी एका बाजूला राहिली तर त्या बाजूचे पार्किंग लाइट लागतात. तो दोष नाही, सोय आहे. अंधाऱ्या रस्त्यावर गाडी लावली तर दिसावी म्हणून.

यादीतलं एकेक खोडत गेलो. राहिला फक्त रिले, आणि आमच्या गाडीत त्या सर्किटला रिले आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

"झोपला नाहीस?" शेजारच्या गादीवरून नाना.

"नाही. नाना, त्या रात्री स्विच बंद होता ना?"

"हो."

बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, "वहीत आहे."

सकाळी बॅटरी जोडून साक्री रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. साठीच्या पुढचा माणूस, अहिराणी बोलणारा. मी त्याला माझी सगळी थिअरी ऐकवली. सर्किट, रिले, काँटॅक्ट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मांगे दखा ना भाऊ."

मागे जाऊन बघितलं. किल्ली काढलेली, ब्रेकवर कोणाचाही पाय नाही, आणि मागचे ब्रेक लाइट भगभगीत लाल. घरी पोर्चमध्ये गाडी नेहमी मागे भिंत ठेवून लावलेली असते, आणि देवपुरात मी समोरूनच काचेतून बघितलं होतं. मागे कोणी गेलंच नव्हतं.

मिस्त्री स्टिअरिंगखाली उलटा झोपला आणि मॅटवरून बोटाने काहीतरी उचलून मला दाखवलं. बिस्किटाच्या चुऱ्यासारखे प्लास्टिकचे तुकडे. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. पेडल सोडलेलं असताना पेडलच्या दांड्याने त्या स्विचची पिन दाबून ठेवायची, म्हणजे ब्रेक लाइट बंद. पेडल दाबलं की पिन मोकळी होते आणि दिवा लागतो. पिन जिथे टेकते तिथे पेडलच्या दांड्याला एक भोक असतं आणि त्या भोकात रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक प्लास्टिकची टिकली बसवलेली असते. पंधरा वर्षं उन्हात तापून ती टिकली ठिसूळ झाली, आधी अर्धी तुटली, मग पूर्ण. पिन भोकातून आरपार, आणि गाडीला वाटतंय की ब्रेक दाबलेलाच आहे. आमच्या गाडीत ब्रेक लाइटला किल्ली लागत नाही, त्यामुळे रात्रभर चालू. दोन्ही बाजूंचे २१-२१ वॉटचे बल्ब, नुसते तेवढेच साडेतीन अँपियर. दहा तासांत बॅटरीचा निकाल.

मिस्त्रीने बोटाने ती पिन दाबली. ब्रेक लाइट गेले, डॅशबोर्डही गेला. सोडली, दोन्ही आले.

"पण डॅशबोर्ड का?" मी विचारलं. "ब्रेकचं सर्किट वेगळं ना?"

तो उठला, मागचा डावा दिवा उघडला, बल्ब काढून माझ्या हातात दिला. "हाऊ कोनी बसाडा?"

तो बल्ब मी ओळखला. २०२३ च्या दिवाळीत घरी आलो होतो तेव्हा मागचा डावा दिवा लागत नव्हता. नाना म्हणत होते मिस्त्रीकडे जाऊ, मी म्हटलं त्यात काय आहे, दुकानातून बल्ब आणला आणि पाच मिनिटांत बसवला. नीट बसत नव्हता, जरा जोर लावून फिरवला. बसला! तिथे दोन फिलामेंटचा बल्ब लागतो, एक मंद, पार्किंगसाठी, एक प्रखर, ब्रेकसाठी. मी आणला होता एकाच फिलामेंटचा. दोन फिलामेंटच्या बल्बला खाली दोन टिपके असतात आणि कडेच्या खिळ्या वर-खाली असतात, चुकीचा बल्ब बसू नये म्हणून. मी जोर लावून ती सगळी सोय मोडून काढली. एका बल्बचा एकच टिपका होल्डरमधल्या दोन्ही पट्ट्यांना टेकला आणि दोन वेगळी सर्किटं कायमची एक झाली. ब्रेकचा करंट उलटा पार्किंगच्या सर्किटमध्ये शिरणार, तिथून डॅशबोर्डमध्ये. आणि रात्री पार्किंग लाइट लावले की ब्रेक लाइट आपोआप लागणार. पारोळ्याचा मोटरसायकलवाला बरोबर बोलत होता.

सहा महिने हा बग गप्प पडून होता. टिकली तुटली आणि तो जागा झाला. माझ्याच कोडमधला बग, आणि मी तिकीट 'युजर एरर' म्हणून बंद करून बसलेलो.

मिस्त्री टिकलीच्या भोकात नवीन टिकली बसवत होता तेव्हा मी खणातून वही काढली. पेट्रोल, पेट्रोल, हवा, पेट्रोल, आणि मग:

"२१ एप्रिल. रात्री ३. डॅशचे दिवे चालू. स्विच बंद होता. आत बसलो, स्विच फिरवला, फरक नाही. ब्रेकवर पाय पडला, सोडला, दिवे गेले."

सगळं होतं त्यात. स्विच फिरवल्याने नाही, पेडल दाबून सोडल्यावर टिकलीचा अर्धा तुकडा पुन्हा पिनेखाली आला म्हणून दिवे गेले होते. फोनवर आईने "स्विच फिरवला आणि गेले" एवढंच सांगितलं, नाना "स्विच बंद होता" एवढंच म्हणत राहिले, आणि मी ऐकायच्या आधीच निकाल दिला होता. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की मी ज्युनियर पोरांवर ओरडतो, आधी लॉग वाचा म्हणून. इथे लॉग जवळपास चार आठवडे गाडीच्या खणात पडलेला.

"नानासनी काही चूक नही शे, भाऊ," मिस्त्री हात पुसत म्हणाला. मी त्याला त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. बहुधा प्रत्येक गिऱ्हाईक गाडीबरोबर घरातला एक आरोपी घेऊन येत असेल. टिकली, बल्ब आणि मजुरी मिळून पाचशेची नोट मोडावी लागली, उरलेले पैसे परत.

पुण्याला आल्यावर मल्टीमीटर घेतला आणि पुढच्या वेळी जळगावला गेल्यावर मोजलं. गाडी बंद करून अर्धा तास थांबायचं, निगेटिव्ह वायर आणि बॅटरीच्या मध्ये मीटर १० अँपियरच्या रेंजवर लावायचा. ०.०५ अँपियरच्या आत असेल तर काळजी नाही, घड्याळ, अलार्म वगैरेंना तेवढा लागतोच. आमचा ०.०३ आला. जास्त आला तर एकेक फ्यूज काढून बघायचा, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या सर्किटमध्ये चोर. वीस मिनिटांचं काम. आणि दिवा चालू दिसला तर गाडीभोवती एक चक्कर मारा, मागच्या बाजूनेसुद्धा.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट आम्ही रद्द केली नाही. नानाच म्हणाले, घेतलीय तर दाखवू. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले डॉक्टर. चष्मा अजून शोधतात. पुढे कधीतरी खरंच विसरायला लागतील, तेव्हाचं तेव्हा बघू. पण ते गाडीच्या डॅशबोर्डवरून ठरवणार नाही, एवढं नक्की.

साखरपुडा झाल्यावर रविवारी धुळ्याहून निघताना मी किल्ली नानांच्या हातात दिली. सॉरी म्हणायचं ठरवलं होतं, ते काही तोंडातून निघेना. नानांनी गाडीत बसून आरसा नीट केला, सीट पुढे घेतली आणि खणातून वही काढून माझ्याकडे दिली.

"लिही," म्हणाले.

मी लिहिलं. "१८ मे, धुळे. ब्रेक स्विचची टिकली तुटली होती. मागचा डावा बल्ब चूकीचा होता, तो मी बसवला होता."

नानांनी वाचलं. खिशातून पेन काढून 'चूकीचा'चा दीर्घ ऊ ऱ्हस्व केला, वही खणात ठेवली आणि गाडी चालू केली.